धुक्यातील डोळा
(रडारने हौशी नौकेपर्यंत केलेला प्रवास)

कुरुक्षेत्रावरील सारे वृत्त संजयाने धृतराष्ट्रास सांगितले. राजाला काही कळले नाही असे नव्हते. पण कळलेल्याचा अर्थ त्याने वेळेवर घेतला नाही. दृष्टी असणे एक आणि दृष्टीने शहाणे होणे दुसरे, हा भेद आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखला आहे. यंत्राच्या इतिहासातही तो भेद किती महागात पडतो, हे रडारच्या कथेवरून दिसते. आज हौसेने समुद्रात हिंडणाऱ्या लहान मोटारबोटीवरही हे यंत्र बसविले जाते. ते निवडताना व वापरताना उपयोगी पडणारे बहुतेक धडे मोठ्या आगबोटींनी आधीच, आणि पुष्कळदा रक्ताच्या मोलाने, शिकून ठेवले आहेत.

मंगेशीच्या देवळापुढील सात मजली दीपस्तंभ आपल्या प्रकाशाने येणाऱ्यास सांगतो, ‘मी येथे आहे.’ रडारचे कार्य याच्या उलट आहे. ते अंधारात विद्युत्‌चुंबकीय लहरी धाडून विचारते, ‘तेथे कोण आहे?’ समोरच्या वस्तूवर आपटून लहर परत येते. तिला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि ती ज्या बाजूने आली तीवरून दिशा. अशा सूक्ष्म लहरींवर प्रारंभीचे मूलगामी प्रयोग आपल्याच देशात झाले. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात, भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. पुढे १९०४ साली ड्युसेलडॉर्फच्या ख्रिस्तिआन ह्युल्समायर याने जहाजांची टक्कर टाळण्याच्या हेतूने एक यंत्र रचले व कलोन येथे ऱ्हाईन नदीवर त्याचे प्रात्यक्षिक केले. जवळ येणाऱ्या जहाजाची चाहूल लागताच त्यातील घंटा वाजे. परंतु ना आगबोट कंपन्यांनी ते स्वीकारले, ना आरमाराने. म्हणजे रडारची मूळ कल्पना युद्धाची नसून नाविकांच्या रक्षणाची होती, ही गोष्ट आम्हांस विशेष स्मरणीय वाटते.

ती कल्पना फळास आली मात्र युद्धाच्या धास्तीमुळे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट व आर्नोल्ड विल्किन्स यांनी इंग्लंडातील डॅव्हेंट्रीजवळ विमानावरून परतलेली लहर टिपली. त्यानंतर इंग्लंडच्या किनाऱ्यावर उभारलेल्या केंद्रांची तरंगलांबी दहा मीटरांहून अधिक होती. त्यासाठी सुमारे ११० मीटर उंचीचे पोलादी मनोरे लागत. लहर जितकी लांब तितकी तिला एका दिशेत बांधून ठेवणारी आकाशकांब मोठी, हा निसर्गनियमच आहे. असले यंत्र नौकेवर कसे मावणार? उत्तर सापडले १९४० च्या फेब्रुवारीत. बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन रँडल व हॅरी बूट यांनी सिद्ध केलेल्या मॅग्नेट्रॉनमधून सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या प्रबळ लहरी निघू लागल्या. पुढे तरंगलांबी तीन सेंटिमीटरांवर आली, आणि युद्ध संपताच हे यंत्र व्यापारी जहाजांवर चढले. आता धुके जिंकले, असे अनेकांस वाटले.

त्या समजुतीस २५ जुलै १९५६ च्या रात्री जबर धक्का बसला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ, नँटुकेट बेटाच्या दक्षिणेस, उन्हाळ्यात उबदार दमट हवा थंड पाण्यावर येऊन दाट धुके धरते. जिनोआहून न्यूयॉर्ककडे येणारी ‘आंद्रेआ डोरिया’ ही इटालियन आगबोट १,७०६ माणसे घेऊन त्या धुक्यातून सुमारे २२ नॉट वेगाने चालली होती. समोरून, न्यूयॉर्कहून निघालेली ‘स्टॉकहोम’ ही स्वीडिश आगबोट येत होती. दोहींवर रडार होते; दोहींनी एकमेकींस कित्येक मैलांवरून पाहिले होते. तरीही रात्री ११ वाजून १० मिनिटांच्या सुमारास ‘स्टॉकहोम’ची मजबूत नाळ ‘डोरिया’च्या उजव्या कुशीत घुसली. दोन्ही नौकांवर मिळून ५१ जण प्राणास मुकले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आंद्रेआ डोरिया’ समुद्रतळी गेली.

हे घडले कसे? ‘डोरिया’वरील अधिकाऱ्यांस समोरची नौका आपल्या उजव्या अंगाने जाईल असे वाटले, म्हणून अंतर वाढविण्यासाठी ते किंचित डावीकडे वळले. ‘स्टॉकहोम’वर ती डाव्या अंगाने जाईल असा समज होता, म्हणून ती उजवीकडे वळली. एकीने घेतलेले लहानसे वळण दुसरीच्या पडद्यावर उमटलेच नाही. ‘डोरिया’वर तर पडद्यावरील ठिपक्याचा मार्ग कागदावर आखून पाहण्याचे कष्टही घेतले गेले नव्हते. मालक कंपन्यांनी आपसांत तडजोड केल्यामुळे न्यायालयाने दोषाचा निवाडा दिला नाही. पण नाविकांच्या जगाने धडा घेतला. १९७२ साली ठरलेल्या व १५ जुलै १९७७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांत तो स्वच्छ उमटला आहे. रडार असेल तर ते नीट वापरलेच पाहिजे. तोकड्या माहितीवरून तर्क करू नये. मार्ग बदलायचा तो दुसऱ्याच्या ध्यानात येईल इतका ठळक बदलावा. धुक्यात केवळ रडारवर दिसलेली नौका समोरच्या बाजूस असेल तर, तिला मागे टाकून पुढे जाण्याचा प्रसंग सोडल्यास, शक्यतो डावीकडे वळू नये. हे नियम आगबोटीस लागू आहेत तसेच हौशी मोटारबोटीसही.

आता लहान नौकेच्या निवडीचा विचार करू. विक्रेता पल्ल्याचा आकडा पुढे करतो. परंतु लहरी जवळजवळ सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. आकाशकांब पाण्यापासून ४ मीटर उंच असेल, तर तितक्याच उंचीची दुसरी होडी फार तर नऊ सागरी मैलांपर्यंत दिसू शकते. तेव्हा ३६ मैलांच्या पल्ल्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा आकाशकांब उंच बसविणे आणि झोताची रुंदी पाहणे अधिक शहाणपणाचे. ४५ सेंटिमीटर व्यासाच्या घुमटातील कांबेचा झोत सुमारे ५ अंश रुंद असतो. एका सागरी मैलावर तो १६० मीटर पसरतो. त्या अंतरावर १०० मीटर फासल्याने शेजारी उभ्या असलेल्या दोन होड्या पडद्यावर एकच ठिपका होऊन दिसतात. १२० सेंटिमीटरांच्या उघड्या कांबेचा झोत जेमतेम २ अंशांचा. तीच जोडी तेथे निराळी दिसते. पण अशी कांब जड, महाग आणि लहान नौकेस पेलणारी नव्हे. म्हणून नौकेला झेपेल तेवढी मोठी कांब घ्यावी, हेच खरे. २००९ पासून मॅग्नेट्रॉनविना चालणारी यंत्रेही हौशी नौकांसाठी मिळू लागली. ती वीज कमी खातात, तापण्यासाठी थांबावे लागत नाही आणि अगदी जवळचेही स्पष्ट दाखवितात. जवळ येणाऱ्या नौकेस वेगळा रंग देणारी यंत्रेही आज उपलब्ध आहेत. एवढे झाले तरी लाकडी वा फायबरची होडी लहरीला क्षीणच उत्तर देते, आणि लाटांचा गजबजाट पुसण्याच्या नादात ती होडीही पुसली जाऊ शकते.

वापराचे पहिले सूत्र असे की, यंत्र स्वच्छ दिवशी शिकावे. बोया, खडक, मासेमारीच्या होड्या डोळ्यांनी पाहाव्या आणि त्याच पडद्यावर कशा उमटतात ते ताडून घ्यावे. धुके म्हणजे परीक्षेचा दिवस, अभ्यासाचा नव्हे. दुसरे, जवळचा व लांबचा पल्ला आळीपाळीने पाहावा. तिसरे, समोरच्या नौकेवर दिशारेषा धरावी. अंतर घटत असून ठिपका त्याच रेषेवर सरकत येत असेल, तर टक्कर अटळ समजून वेळीच ठळकपणे वळावे किंवा थांबावे. आणि सर्वांत मोठे सूत्र वेगाचे. रडार आहे म्हणून वेग वाढविणे, ही ‘आंद्रेआ डोरिया’चीच वाट होय.

गोमंतकातील कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी परदेशच्या आगबोटींवर गेले. मागे राहिलेल्यांनी त्यांच्यासाठी देवाला नवस बोलले. धुक्यातला पहारा म्हणजे काय, हे त्या घरांस वेगळे सांगावयास नको. ह्युल्समायरने घंटा बनविली ती अशाच घरांतील माणसे सुखरूप परतावीत म्हणून. घंटा वाजविण्याचे काम यंत्र करील. ती ऐकून सुकाणू वळविण्याचे काम मात्र माणसाचेच राहील.