भाग: गुरख्यांना हो, महारांना नाही

मी कारंजा लाडहून. दिवसा सॉफ्टवेअर इंजिनिअर, रात्री हा पॉडकास्ट. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी गुरखा रेजिमेंटवर बोल म्हटलं. बोलतो, पण आपल्या विदर्भातल्या कामठीच्या वाटेनं.

इंग्रजांनी 1815 पासून गुरखे आपल्या फौजेत घेतले. पुढे एक थिअरी आली: काही जमाती जन्मतःच लढवय्या, बाकीच्या नाहीत. 1885 ते 1893 या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते, ते या मताचे पक्के. गुरखा, शीख, पठाण यादीत आत. महार बाहेर!

आता गंमत बघा. महार सैनिक कंपनीच्या मुंबई फौजेत कितीतरी पिढ्या होते. 1818 ला कोरेगावला लढले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. तरी 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद. आपल्या भाषेत सांगायचं तर, फॉर्म उघडायच्या आधीच जातीचा फिल्टर.

यात फक्त नोकरी गेली असं नाही. पलटणीत पगार होता, पेन्शन होती, मुलांना शाळा होती. गावात जे मिळत नव्हतं, ते तिथं मिळायचं. म्हणूनच निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिला.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा 1917 ला 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, 1921 ला मोडली. म्हणजे गरज होती तेवढे दिवस हे 'लढवय्ये' होते!

दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी सरकारकडे हा विषय लावून धरला. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, 1942 मध्ये दुसरी आपल्या कामठीत.

आणि पुढे? 1987 मध्ये श्रीलंकेत 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. ब्रीद आहे 'यश सिद्धी'. मुख्य केंद्र मध्य प्रदेशातल्या सागरला.

गुरख्यांचं शौर्य खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. खोटी होती ती यादी. आणि मला सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? ज्यांना जात बघून दार बंद केलं, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये आज देशभरातले, सगळ्या जातींचे जवान एकत्र आहेत.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!