वेब फ्रेमवर्कची निवड : प्रोग्रॅमरांमधील मतभेदांचा इतिहास आणि महाराष्ट्रातील अनुभव

प्रस्तावना :

रत्नागिरी जिल्ह्यातील हातखंबा येथे मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरी-कोल्हापूर मार्ग मिळतो. या परिसरातून संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन नोकरीसाठी रस्त्याने बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला याच तिठ्यावर मुंबईची, गोव्याची किंवा कोल्हापूरची दिशा धरावी लागते. महाविद्यालयात शिकलेले एखादे वेब फ्रेमवर्क ही त्याची पहिली शिदोरी असते. ती किती काळ पुरेल, हा प्रश्न विद्यार्थ्याइतकाच अध्यापकाचाही आहे.

वेब फ्रेमवर्क म्हणजे संकेतस्थळ उभारताना वारंवार कराव्या लागणाऱ्या कामांसाठी आधीच रचून ठेवलेला सांगाडा होय. मागितलेले पान देणे, डेटाबेसमधील माहिती काढणे, सदस्याची ओळख पटविणे ही अशी कामे. एकाच कामासाठी अनेक सांगाडे उपलब्ध असल्यामुळे निवडीविषयी प्रोग्रॅमरांमध्ये सतत मतभेद राहिले आहेत. या मतभेदांचा इतिहास पाहून, महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे निवडीचा टिकाऊ निकष कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मतभेदांचे स्वरूप :

१९९३ मध्ये सीजीआय ही पद्धत आली आणि सर्व्हरवरील प्रोग्रॅमकडून पाने तयार करून घेता येऊ लागली. १९९५ मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी प्रसिद्ध केली. या काळात प्रत्येक जण आपली रचना आपणच करीत असे. एकाने लिहिलेले काम दुसऱ्याला समजणे त्यामुळे अवघड जाई. ही अडचण दूर करण्यासाठी २००० मध्ये क्रेग मॅक्लॅनहन यांनी जावा भाषेसाठी स्ट्रट्स तयार केले. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट आले, तर २००४ मध्ये स्प्रिंगची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली.

जावा पक्षाचे म्हणणे असे की, मोठ्या प्रकल्पात प्रत्येक गोष्ट स्पष्टपणे लिहून ठेवलेली असावी. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रूबी ऑन रेल्स पुढे आणले आणि याच्या उलट भूमिका मांडली. सर्वसाधारण संकेत मान्य केले, तर शेकडो लहान निर्णय घ्यावेच लागत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॅंगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला होता. बातमीच्या वेळेत काम पूर्ण व्हावे, ही तेथील गरज होती. म्हणूनच संपादकांना मजकूर भरण्यासाठी लागणारी व्यवस्था जॅंगोमध्ये तयारच मिळते. पुढे सिनात्रा (२००७) व फ्लास्क (२०१०) यांनी लागेल तेवढेच घ्यावे, असा तिसरा पक्ष मांडला.

हे तिन्ही पक्ष आपापल्या परिस्थितीत योग्यच होते. मोठी कंपनी, लहान चमू आणि वृत्तपत्राची कचेरी यांच्या गरजा वेगळ्या होत्या. वाद मात्र बहुधा गरजा बाजूला ठेवून वेग, सुलभता आणि लोकप्रियता या मुद्द्यांवर झाला. या तीनही गोष्टी लवकर बदलतात. २०१० मध्ये गूगलचे अँग्युलरजेएस आले. २०१६ मध्ये त्याची पुढील आवृत्ती इतकी वेगळी निघाली की जुने काम मोठ्या प्रमाणावर नव्याने लिहावे लागले. २०२१ च्या अखेरीस जुन्या आवृत्तीचा अधिकृत सांभाळही थांबला. दरम्यान २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट आणि २०१४ मध्ये व्ह्यू हे पर्याय पुढे आले होते.

मराठी संकेतस्थळांचा अनुभव :

मराठी संकेतस्थळांपुढे फ्रेमवर्कच्या आधी लिपीचा प्रश्न होता. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तथापि सर्वसामान्य संगणकांवर ती नीट दिसू लागण्यास विंडोज २००० पर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत अनेक मराठी संकेतस्थळांनी आपापले फॉन्ट वापरले. त्या फॉन्टमध्ये अक्षरांना दिलेले सांकेतिक क्रमांक परस्परांशी जुळत नसत. फॉन्ट नसल्यास मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसे आणि शोधयंत्रालाही तो सापडत नसे.

मनोगत (२००४), मिसळपाव (२००७) आणि ऐसी अक्षरे (२०११) ही संकेतस्थळे ड्रुपलवर उभी राहिली. १९९६ पासून चालू असलेली मायबोलीही पुढे ड्रुपलवर आली. बेल्जियमचे ड्रीस बॉयटार्ट यांनी २००१ मध्ये खुले केलेले ड्रुपल हे काटेकोरपणे पाहता आशय-व्यवस्थापनाचे साधन आहे. परंतु व्यवहारात त्याची निवड फ्रेमवर्कसारखीच केली जाते. ते विनामूल्य होते, पीएचपी असलेल्या स्वस्त सर्व्हरवर चालत होते, सदस्यत्व व प्रतिसाद यांची सोय त्यात तयार होती आणि त्यातील सूचनांचे मराठीकरण करता येत होते. हौसेने संकेतस्थळ चालविणाऱ्यांसाठी ही निवड समंजस होती.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्रुपलची आठवी आवृत्ती सिंफनी या फ्रेमवर्कच्या घटकांवर नव्याने रचण्यात आली. सातव्या आवृत्तीसाठी लिहिलेले जोडभाग तिच्यात चालत नव्हते. सातव्या आवृत्तीचा सांभाळ जानेवारी २०२५ मध्ये संपला. व्यावसायिक संस्थेला हे स्थलांतर केवळ खर्चाचे असते. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या स्थळाला ते अस्तित्वाचे ठरू शकते.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. युनिकोडमध्ये साठविलेले लेख एका डेटाबेसमधून दुसऱ्यात नेता येतात. खासगी फॉन्टमधील लेखांसाठी प्रत्येक फॉन्टचा वेगळा रूपांतरक लागतो आणि तो नसेल तर मजकूर हातचा जातो. २०१० च्या पुनर्क्रमांकनात हातखंब्यावरून जाणाऱ्या महामार्गाचा क्रमांक १७ चा ६६ झाला, तरी गावे व अंतरे तीच राहिली. फ्रेमवर्क बदलल्यावर मजकुराचेही असेच झाले पाहिजे.

मुंबईतील एक प्रयोग :

निवडीचा आणखी एक मार्ग म्हणजे फ्रेमवर्क स्वतःच घडविणे. मुंबईत रुशभ मेहता यांनी उद्योगव्यवस्थापनाची ईआरपीनेक्स्ट ही प्रणाली उभारताना हा मार्ग स्वीकारला. त्यातून पायथन व जावास्क्रिप्टवर आधारलेले फ्रॅपे हे मुक्तस्रोत फ्रेमवर्क निर्माण झाले. बीजक, ग्राहक, माल अशा प्रत्येक नोंदीचे वर्णन आधी करावयाचे आणि त्यावरून डेटाबेसमधील तक्ता व पडद्यावरील अर्ज आपोआप तयार व्हावयाचे, ही त्याची मूळ कल्पना आहे. शेकडो प्रकारचे अर्ज लागणाऱ्या कामाला ती सोयीची ठरते. परंतु स्वतःचे फ्रेमवर्क म्हणजे त्याचे दस्तऐवज, प्रशिक्षण व सुरक्षा यांचीही जबाबदारी आपलीच. ती दीर्घकाळ पेलण्याची तयारी असेल, तरच हा मार्ग हितावह ठरतो.

अभ्यासक्रमाचा प्रश्न :

मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. (माहिती तंत्रज्ञान) तृतीय वर्षाच्या २०१८-१९ च्या अभ्यासक्रमात वेब प्रोग्रॅमिंगचा प्रगत विषय एएसपी डॉट नेटच्या आधारे ठेवण्यात आला. त्यातील वेब फॉर्म्स ही पद्धत २००२ मधील आहे. २०१६ मध्ये आलेल्या डॉट नेट कोअरमध्ये तिला स्थान देण्यात आले नाही. यात केवळ विलंब पाहणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम ठरविणे, पुस्तके तयार होणे व प्रयोगशाळा सज्ज होणे यांत काही वर्षे जातात आणि जुन्या प्रणालीही दीर्घकाळ सांभाळाव्या लागतात. तथापि फ्रेमवर्कच्या मागे धावणारा अभ्यासक्रम नेहमीच मागे राहील, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

पंचवीस वर्षांच्या या इतिहासात वेग व लोकप्रियता यांवर झालेले वाद लवकर विरले. नंतरचा खर्च ठरविला तो दोन प्रश्नांनी : साधनाचा सांभाळ कोण व किती काळ करणार, आणि त्यातील मजकूर उद्या बाहेर काढता येईल काय? महाविद्यालयाचे संकेतस्थळ किंवा ग्रंथालयाची प्रणाली निवडताना हे दोन प्रश्न लेखी विचारले जावेत. अध्यापनातही एचटीटीपी, एचटीएमएल, एसक्यूएल व युनिकोड यांचा पाया आधी पक्का करावा आणि कोणतेही एक फ्रेमवर्क उदाहरण म्हणून शिकवावे. ते मागे पडले, तरी विद्यार्थ्याला पुढचे स्वतःहून शिकता येईल.