स्कॅनर बदलावा का? पोलिसांचे बोलणे ऐकणाऱ्यांचा शंभर वर्षांचा इतिहास

शिकागोच्या उपनगरात राहणाऱ्या माझ्या आतेभावाने, म्हणजे आमच्या दादाने, मागच्या महिन्यात एक प्रश्न पाठवला. त्याच्याकडे युनिडेन कंपनीचा जुना हातात धरायचा रेडिओ स्कॅनर आहे, बेअरकॅट २३५. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याने तो कधीतरी स्वस्तात घेतला होता. पोलीस, अग्निशमन दल, विमाने, रेल्वे यांचे बिनतारी बोलणे त्यावर ऐकता येते. आता त्याला पोलिसांचे काहीच ऐकू येईनासे झाले आहे. "सातशे डॉलरच्या घरातला नवा घेऊ का? आणि हा जुना पुण्याला येताना तुझ्यासाठी आणू का?"

हा प्रश्न खरे तर एखाद्या अभियंत्याला विचारायचा. पण उत्तर शोधू लागलो तेव्हा ध्यानात आले की यंत्राचे माहितीपत्रक वाचून ते मिळणार नाही. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. म्हणून हा थ्रेड. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

आरंभ डेट्रॉईटपासून. मोटारींमुळे गुन्हेगार वेगवान झाले होते आणि पोलिसांना ठाण्यावरून गस्तीच्या गाडीशी बोलण्याचे साधन नव्हते. आयुक्त विल्यम रटलेज यांच्या कारकिर्दीत सात वर्षे प्रयोग चालले. गाडीच्या हादऱ्यांत टिकेल असा ग्राहक बनवणे हीच मुख्य अडचण होती. अखेर ७ एप्रिल १९२८ रोजी तिथे गस्तीच्या गाड्यांना नियमित संदेश जाऊ लागले. यंत्रणा एकतर्फी होती : ठाण्याने बोलायचे, गाडीने ऐकायचे, उत्तर द्यायचे तर रस्त्यावरचा फोन गाठायचा. दुतर्फी संभाषण नियमितपणे सुरू झाले ते १९३३ मध्ये, न्यू जर्सीतील बेयॉन या गावी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हे संदेश नेहमीच्या प्रसारणपट्ट्याला अगदी लागून असलेल्या लहरींवर जात. घरातल्या रेडिओची कळ थोडी पुढे फिरवली की पोलीस ऐकू येत. रेडिओ बनवणाऱ्यांनी ही संधी लगेच हेरली. तीसच्या दशकातल्या अनेक अमेरिकी रेडिओंच्या तबकडीवर संगीताच्या स्थानकांशेजारी 'पोलीस' असे चक्क छापलेले असे. जेवण झाल्यावर कुटुंबे गावातल्या चोऱ्या आणि अपघात ऐकत बसत. पोलिसांचे बोलणे लोकांनी ऐकावे असे कोणी ठरवले नव्हते. ते ऐकू न देण्याचे साधन तेव्हा हाताशी नव्हते, इतकेच.

कायद्यानेही तेव्हा मधला मार्ग काढला. १९३४ च्या अमेरिकी दळणवळण कायद्याच्या ६०५ व्या कलमाचा रोख ऐकण्यावर कमी आणि ऐकलेले दुसऱ्याला सांगण्यावर वा त्यातून लाभ उठवण्यावर अधिक होता. कान उघडे ठेवा, तोंड बंद ठेवा, असा काहीसा हा न्याय. व्यवहारात मात्र तोंड उघडणाऱ्यांचा एक मोठा वर्ग होताच : पत्रकार. त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे 'वीजी' या नावाने ओळखला जाणारा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार आर्थर फेलिग. १९३८ मध्ये त्याला स्वतःच्या गाडीत पोलिसांच्या लहरी ऐकणारा रेडिओ बसवण्याची परवानगी मिळाली. गाडीच्या डिकीत छायाचित्रे धुण्याची सोय होती. रात्रभर तो ऐकत फिरे आणि कित्येकदा पोलिसांच्याही आधी घटनास्थळी हजर होई. त्या काळच्या न्यूयॉर्कच्या रात्री आज आपण ज्या छायाचित्रांतून पाहतो, त्यांचा मोठा भाग त्या गाडीतल्या रेडिओचे देणे आहे.

यानंतरची कथा म्हणजे एक लांबलचक पाठलाग. पोलीस आपल्या गरजेपोटी यंत्रणा बदलत आणि ऐकणारे धापा टाकत मागून येत. १९४० मध्ये कनेक्टिकटच्या राज्य पोलिसांनी डॅनियल नोबल यांनी आखलेली एफएम पद्धती स्वीकारली. हळूहळू सगळे वरच्या लहरींवर गेले आणि घरातला रेडिओ निरुपयोगी झाला. मग वेगळा ग्राहक विकत घेणे आले. सत्तरच्या दशकातले स्कॅनर स्फटिकांवर चालत. प्रत्येक वाहिनीसाठी एक स्फटिक. आठ वाहिन्या हव्यात तर आठ स्फटिक घ्यायचे, आणि पोलिसांनी एखादी लहर बदलली की पुन्हा दुकान गाठायचे. पुढल्या पिढीत स्फटिक गेले, आकडे दाबले की लहर जुळू लागली, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी हे सगळे हातात मावणाऱ्या यंत्रात आले. छंद म्हणून स्कॅनर बाळगण्याचा सुवर्णकाळ तो हाच.

आणि इथेच भ्रमणध्वनीने घोटाळा केला.

पहिल्या पिढीचे भ्रमणध्वनी ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास, साध्या एफएम पद्धतीने बोलत. चांगल्या स्कॅनरवर शेजाऱ्याचे खासगी बोलणे स्पष्ट ऐकू येई. उद्योगाने लहरी कूटबद्ध करण्याचा खर्च केला नाही. त्याऐवजी ऐकणे हाच गुन्हा ठरवून घेतला. १९८६ च्या कायद्याने भ्रमणध्वनीवरील संभाषण ऐकण्यास बंदी आली. त्यानंतर त्या लहरी पकडू शकणारे स्कॅनर बनवणे आणि आयात करणे एप्रिल १९९४ पासून बंद झाले. कुलूप दाराला लावायचे सोडून लोकांच्या कानाला लावले, असे माझे मत. ही बंदी निर्मितीवर होती, बाळगण्यावर नव्हती. परिणामी नव्या यंत्रापेक्षा १९९४ पूर्वीचे जुने यंत्र अधिक मोलाचे ठरले. काही काळ 'स्कॅनर बदलावा का' या प्रश्नाचे शौकिनांचे उत्तर 'मुळीच नको, जुना जपून ठेव' असे होते.

२१ डिसेंबर १९९६ चा प्रसंग या काळातला. प्रतिनिधिगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच आपल्या सहकाऱ्यांशी फोनवर चर्चा करत होते. त्यांपैकी जॉन बेनर फ्लोरिडात होते आणि भ्रमणध्वनीवरून बोलत होते. तिथल्या एका दांपत्याने स्कॅनरवर ते संभाषण ऐकले आणि ध्वनिमुद्रित केले. ती फीत डेमोक्रॅटिक सदस्य जिम मॅकडरमॉट यांच्याकडे गेली आणि जानेवारी १९९७ मध्ये मजकूर वृत्तपत्रांत झळकला. त्या दांपत्याला प्रत्येकी ५०० डॉलर दंड झाला. बेनर विरुद्ध मॅकडरमॉट हा दिवाणी दावा मात्र दहा वर्षे चालला आणि २००७ मध्ये वरिष्ठ न्यायालयात बेनर यांच्या बाजूने निकाल लागला. एका छंदातल्या यंत्राने एवढे राजकारण ढवळले, हे सहसा विस्मृतीत जाते.

आता दादाच्या यंत्राकडे येऊ. नव्वदच्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या शहरांनी 'ट्रंकिंग' पद्धत स्वीकारली होती. रेल्वे आरक्षणाच्या केंद्रात प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग न लावता एकच रांग लावतात आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा जातो, तसेच हे. एखाद्या गटाची अशी कायमची लहर नसते. बोलण्याची कळ दाबली की संगणक एक मोकळी लहर नेमून देतो, पुढचे वाक्य कदाचित दुसऱ्याच लहरीवर. जुन्या स्कॅनरवर या संभाषणाचे नुसते तुकडे ऐकू येत. १९९७ मध्ये आलेल्या बेअरकॅट २३५ ने ही उडी पकडली. नियंत्रक लहरीवरचा संगणकी संदेश वाचून तो संभाषणाच्या मागोमाग लहर बदलत असे. हातात मावणाऱ्या स्कॅनरांत असे करणारा हा पहिला. दादाला हे ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर त्याने त्यावरची धूळ पुसली म्हणे.

पण त्याचे राज्य अल्पायुषी ठरले. २००४ मध्ये सरकारने ८०० मेगाहर्ट्झच्या लहरींची फेरमांडणी करण्याचा आदेश दिला, कारण एका भ्रमणध्वनी जाळ्याचा पोलिसांच्या यंत्रणेला अडथळा होत होता. लहरींचा तक्ताच बदलला, आणि जुना तक्ता पोटात घेऊन जन्मलेली यंत्रे त्या पट्ट्यात वाट चुकू लागली. त्याच सुमारास 'प्रोजेक्ट २५' या अंकीय मानकाचा प्रसार झाला. त्याचे काम १९८९ पासून चालू होते. अंकीय आवाज जुन्या स्कॅनरवर करवतीसारखा खरखरतो. २००३ च्या सुमारास तो उलगडणारे हाती स्कॅनर आले. मग नवी अडचण उभी राहिली : अनेक मनोरे एकाच लहरीवर एकाच वेळी तोच संदेश पाठवतात, आणि दोन मनोऱ्यांच्या मधोमध उभ्या असलेल्याच्या यंत्रात त्यांची गल्लत होते. हा गुंता बऱ्याच अंशी सोडवणारा एसडीएस १०० हा स्कॅनर २०१८ मध्ये आला. दादाच्या मनात आहे तो हाच.

इथपर्यंत प्रत्येक बदलाचे उत्तर बदलानेच मिळत आले होते. थोडे थांबा, थोडे पैसे साठवा, नवे यंत्र येतेच. म्हणूनच छंदिष्टांना वाटते की या वेळीही तसेच होईल.

तसे होणार नाही. शिकागो पोलिसांनी २०२२ च्या सुमारास आपल्या वाहिन्या कूटबद्ध केल्या आणि लोकांसाठी अर्ध्या तासाच्या विलंबाने आवाज उपलब्ध ठेवला. डेन्व्हरने २०१९ मध्येच दार लावले होते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून ब्रुकलिनपासून सुरुवात झाली. सातशे डॉलरचा असो की सात हजारांचा, किल्ली नसलेला कोणताही स्कॅनर हे बोलणे उलगडू शकत नाही. आणि कायदा? १९८६ च्या त्याच कायद्यात पोलीस व अग्निशमन दलाचे 'सर्वसामान्यांना सहज उपलब्ध असलेले' बोलणे ऐकण्याची मुभा आहे. मात्र कूटबद्ध केलेले बोलणे व्याख्येनेच 'सहज उपलब्ध' नसते. म्हणजे लोकांना जे ऐकू येत होते ते ऐकण्याचा हक्क मिळाला होता. ते ऐकू येत राहील याची हमी कोणी दिली नव्हती. तीसच्या दशकात अपघाताने उघडे राहिलेले दार नव्वद वर्षे लोकांनी हक्काचे मानले.

पोलिसांची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. बिनतारी संदेशांत पीडितांची नावे, पत्ते, आजार यांचा उल्लेख येतो. २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमधील स्फोटानंतर संशयितांचा शोध चालू असताना लाखो लोक इंटरनेटवरून पोलिसांचे बोलणे ऐकत होते आणि झडतीची ठिकाणे जाहीर करू नका, अशी विनंती पोलिसांना करावी लागली. त्याच रात्री भारतीय वंशाच्या एका बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव संशयित म्हणून जगभर पसरले, 'स्कॅनरवर ऐकले' या हवाल्याने. नंतर ध्वनिमुद्रणे तपासली तेव्हा त्याचे नाव पोलिसांनी उच्चारल्याचा पुरावा मिळाला नाही. तो निरपराध होता. साधनचिकित्सा म्हणजे काय, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी मी बखरींआधी हे उदाहरण घेईन.

तरीही मला अर्ध्या तासाचा विलंब हा मान्य करण्याजोगा तोडगा वाटतो आणि पूर्ण मौन वाटत नाही. कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो शहराने २०२१ मध्ये वाहिन्या बंद केल्या आणि दुसऱ्याच वर्षी पुन्हा खुल्या केल्या. म्हणजे खासगी माहिती वेगळ्या मार्गाने पाठवून बाकीचे उघडे ठेवणे शक्य आहे.

आता दुसरा प्रश्न, पुण्याला आणण्याचा. याचे उत्तर सरळ नकार. आपल्याकडची वाट पहिल्यापासून निराळी. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय असे यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. अमेरिकेने १९३४ मध्ये ऐकलेले फोडू नका म्हटले, इथल्या परकी सरकारने त्याच्या वर्षभर आधी यंत्रच ठेवू नका म्हटले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने जुने कायदे बाजूला सारले, परवान्याचे तत्त्व कायम आहे.

या कायद्याच्या छायेत घडलेली आपली मोठी कथा सर्वांना ठाऊक आहे. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र बोलू लागले आणि १२ नोव्हेंबरला ते पकडले गेले. खटल्यातल्या आरोपींत 'शिकागो रेडिओ' या मुंबईच्या कंपनीचे नानक मोटवाने होते. (दादाच्या शिकागोशी इथे नावापुरताच योग.) पण मला त्यातली दुसरीच बाजू खुणावते. त्या केंद्राने काय सांगितले हे आपल्याला आज कळते, कारण पोलीस रोज ते ऐकत होते आणि उतरवून ठेवत होते. ऐकणारे आणि ऐकवणारे यांच्या जागा तेव्हा अगदी उलट होत्या.

दादाला मी एवढेच लिहिले : पोलिसांसाठी म्हणून नवा घेऊ नकोस, पैसे वाया जातील. तुझ्या भागातले अग्निशमन दल खुल्या अंकीय पद्धतीवर असेल आणि तुला ते ऐकण्यात रस असेल तरच विचार कर, आणि आधी त्याची यादी तपास. विमाने अजून साध्या एएम पद्धतीने ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये बोलतात. ती तुझ्या जुन्या यंत्रावर ऐकू येतात.

काल त्याचा निरोप आला. नवा घेतलेला नाही. जुन्यात नव्या बॅटऱ्या घालून रविवारी सकाळी ओहेअर विमानतळाजवळ जाऊन बसला होता. धावपट्टी २८ वर उतरणाऱ्या विमानांचे वैमानिक फार भराभर बोलतात, पहिला तासभर काहीच कळले नाही, असे लिहिले आहे.