बाल्टिकचा कॉड : अकरा ग्रॅमचा हिशोब

डिसेंबर १९७६. उत्तर समुद्राचं खारं पाणी डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनींतून बाल्टिक समुद्रात घुसतं. वाट उथळ आहे. डार्सच्या उंबऱ्यावर खोली जेमतेम १८ मीटर. असा मोठा लोट आत यायला कित्येक दिवस पश्चिमेचा जोरदार वारा लागतो. आत आलेलं जड पाणी तळातून सरकत बोर्नहोम, ग्दान्स्क आणि गॉटलंडच्या खोल डोहांत भरतं. त्यात मीठ असतं, ऑक्सिजनही असतो. पुढच्या काही वर्षांत कॉड माशाची पिल्लं मोठ्या संख्येने जगतात.

१९८३. वर्षाच्या सुरुवातीच्या लोटानंतर मोठा लोट येत नाही. पुढचा दहा वर्षांनी येणार आहे.

१९८४. पूर्व बाल्टिकमध्ये कॉडची विक्रमी मासेमारी होते, सुमारे ३ लाख ९० हजार टन. जाळ्यात आलेले बहुतेक मासे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला जन्मलेले. म्हणजे हा आकडा त्या वेळच्या पाण्याबद्दल सांगतो, १९८४च्या पाण्याबद्दल नाही. बोटी कमी होत नाहीत.

१९८०च्या दशकाचा उत्तरार्ध, गॉटलंडचा डोह. वरच्या थरात दर किलो पाण्यात ७ ते ८ ग्रॅम मीठ आहे. अरबी समुद्रात ते साधारण ३५ असतं. साधारण ७०-८० मीटरच्या खाली पाणी जास्त खारं होतं आणि कॉड तिथेच अंडी घालतो. पण खालचं मीठही आता घसरत ११ ग्रॅमच्या आसपास आलं आहे. या पाण्यात सोडलेल्या अंड्याचं वेळापत्रक असं.

तास ०. मादी अंडी सोडते, नर वीर्य सोडतो. ११-१२ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असेल, तर इथल्या कॉडचे शुक्रजंतू नीट हालचाल करू शकत नाहीत. पाणी नेमकं त्या सीमेवर आहे. अनेक अंडी फळतच नाहीत.

पहिले काही तास. फळलेल्या अंड्यात पेशींचं विभाजन सुरू होतं. अंडं दीड मिलिमीटरच्या आसपास. अधांतरी तरंगत राहायला त्याला सरासरी १४ ते १५ ग्रॅम मिठाचं पाणी लागतं. बोर्नहोममध्ये ते मिळतं, इथे नाही. अंडं खाली जाऊ लागतं. वेग सेकंदाला मिलिमीटरभर, म्हणजे तासाला काही मीटर.

मोठ्या, वयस्क माद्यांची अंडी आकाराने मोठी आणि घनतेने हलकी असतात. कमी खाऱ्या पाण्यातही ती तग धरतात. पण जाळ्यांनी वर्षानुवर्षं याच माद्या उचलल्या आहेत. उरलेल्या तरुण माद्यांच्या अंड्यांना तरंगायला जास्त मीठ लागतं, आणि तेच कमी झालं आहे.

तास २४. अंडं आणखी खोल गेलं आहे. जगायला दर लिटर पाण्यात किमान २ मिलिलिटर ऑक्सिजन हवा. खालचं पाणी वर्षानुवर्षं बदललेलं नाही, त्यामुळे तिथे तो उरलेला नाही. शेतांतली खतं आणि शहरांचं सांडपाणी यांनी वर शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं आणि कुजताना ऑक्सिजन संपवतं. तळाशी हायड्रोजन सल्फाइड आहे.

दिवस २. विभाजन थांबतं.

दिवस १४. थंड पाण्यात अंडं फुटायला साधारण इतकेच दिवस लागतात. चार मिलिमीटरचं पिल्लू बाहेर यायला हवं होतं आणि बलक संपायच्या आत वरच्या थरात खाण्यापर्यंत पोहोचायला हवं होतं. डोहाच्या या भागातून कोणी वर येत नाही.

१९९२. मासेमारी सुमारे ५५ हजार टनांवर. गॉटलंड आणि ग्दान्स्क जवळपास निकामी झाले आहेत. कॉडच्या पैदाशीची मदार एकट्या बोर्नहोमवर आहे.

जानेवारी १९९३. मोठा लोट येतो. त्यापुढचा येतो २००३च्या जानेवारीत.

डिसेंबर २०१४. १९८ घन किलोमीटर पाणी आणि सुमारे ४ अब्ज टन मीठ आत येतं. एवढा मोठा लोट क्वचितच नोंदला गेला आहे. तळाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो, पण काही वर्षांतच तो पुन्हा संपतो. मीठ मागे राहतं. अंडं तरंगतं, तरी श्वास घेऊ शकत नाही.

जुलै २०१९. युरोपीय आयोग पूर्व बाल्टिकमधल्या बहुतांश भागात कॉडच्या मासेमारीवर तातडीची बंदी घालतो. शास्त्रज्ञांचा अंदाज : मासेमारी पूर्ण थांबवली तरी २०२४ पर्यंत साठा सुरक्षित पातळीवर येणार नाही.

या काळात डोहांतलं मीठ आणि ऑक्सिजन संशोधन-नौका मोजत होत्या. अंड्याला काय लागतं, तेही ठाऊक होतं. मोजमाप अपुरं नव्हतं. किती मासे धरायचे हे ठरवताना नजर जाळ्यातल्या वजनावर राहिली. ते वजन नेहमी काही वर्षं जुन्या पाण्याची साक्ष देतं. यंदा अंडी जगतील का, याचं उत्तर खालच्या थरातल्या ११ ग्रॅम मिठात आणि २ मिलिलिटर ऑक्सिजनमध्ये होतं. मासेमारीची मर्यादा आधी त्या पाण्याला विचारून ठरायला हवी होती.