एकच मिस्सा, दोन अधिकारी : मुंबईतील पाद्रुआदो-प्रोपगांदा वाद

ख्रिस्ती लोकांतील फुटीचा विषय निघाला म्हणजे आपले लक्ष सहसा सिद्धांताकडे जाते. १०५४ साली पूर्व व पश्चिम यांचे बिनसले, तेव्हा पवित्र आत्म्याच्या उगमाविषयी वाद होता. १५१७ नंतर पश्चिमेत जे घडले, त्याच्या मुळाशी नीतिमान ठरण्याचा प्रश्न होता. हे खरेच आहे. परंतु आमच्या अगदी दाराशी, मुंबई बेटावर, दोनशे वर्षांहून अधिक काळ एक तंटा चालला. त्यात दोन्ही बाजूंचा विश्वासांगीकार एक, संस्कार सात, मिस्सा लॅटिनच, आणि आपले पोप म्हणून दोघेही एकाच व्यक्तीचे नाव घेत. तरीही एका पक्षाचा भाविक दुसऱ्याच्या चर्चची पायरी चढत नसे. सिद्धांतभेद नसतानाही माणसे किती दूर जाऊ शकतात, हे पाहावयाचे असेल, तर हे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे.

त्याचे मूळ दोन अधिकारांत आहे. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील पोपांनी पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे आश्रयदातृत्व दिले. चर्च बांधणे, मिशनरी पाठविणे, त्यांचा खर्च सोसणे ही राजाची जबाबदारी, आणि बिशपांची नावे सुचविणे हा त्याचा हक्क. हाच पाद्रुआदो. गोव्याचा धर्मप्रांत या व्यवस्थेतच उभा राहिला व पुढे महाधर्मप्रांत झाला. परंतु पोर्तुगालचे सामर्थ्य ओसरू लागले, आणि १६२२ साली पोप ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसाराचे काम थेट रोमच्या हाती घेण्यासाठी प्रोपगांदा फीदे ही संस्था स्थापिली. पहिला खटका गोव्यातच उडाला. दिवाडी बेटावरील ब्राह्मण कुळातील मातेउश द काश्त्रू यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारली गेली. ती त्यांना रोममध्ये मिळाली, आणि १६३७ साली प्रोपगांदाने त्यांना बिशप केले. विजापूरच्या आदिलशाही मुलुखात प्रेषितीय प्रतिनिधी म्हणून ते परतले व डिचोलीस राहिले. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अखेरपर्यंत मानले नाही. वाद अधिकाराचा होता हे उघड आहे. त्यात वर्णाचाही अंश होता, हे आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही.

मुंबईत या वादाला तिसरा पक्ष मिळाला. १६६१ च्या विवाहकरारान्वये बेट इंग्लंडच्या राजाकडे आले व १६६८ साली कंपनीस दिले गेले. पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंवर कंपनीचा विश्वास नव्हता. १७२० साली तिने त्यांना बेटाबाहेर काढले आणि तेथील चर्चे प्रोपगांदाच्या कार्मेली प्रेषितीय प्रतिनिधींच्या स्वाधीन केली. १७८९ साली कंपनीने तीच पुन्हा गोव्याच्या आर्चबिशपांकडे सोपविली. दोन वर्षांत हुकूम फिरला. अखेर १७९४ साली सरळ वाटणी झाली. माझगावचे ग्लोरिया व खालच्या माहीमचे साल्व्हासाव पाद्रुआदोकडे. एस्पेरान्सा व वरच्या माहीमचे संत मायकल प्रोपगांदाकडे. भावाभावांनी शेत वाटून घ्यावे तशी चर्चे वाटली गेली, आणि वाटणी करणारे सरकार मात्र प्रॉटेस्टंट! करिंथकरांना पौलाने न्यायसभांविषयी जे सुनावले, त्याची आठवण त्या वेळी कोणास झाली असेल काय, असे आमच्या मनात येते.

१८३८ साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी ‘मुल्ता प्रेक्लारे’ हे पत्र काढून ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्रुआदोचा अधिकार बहुतांशी आवरला. पोर्तुगालने १८३४ साली धार्मिक संघ मोडून टाकले होते आणि रोमशी त्याचे संबंध तुटले होते. तेव्हा पत्राला विरोध होणार हे ठरलेलेच होते. हे पत्र खरे नव्हे, किंवा राजाच्या संमतीवाचून ते लागू होत नाही, असे गोव्याच्या पक्षाचे म्हणणे पडले; उलट पक्ष त्यांना ‘गोव्याचे फुटीर’ म्हणू लागला.

येथे वाचकांनी थोडे थांबावे, कारण खरी यातना कागदपत्रांत नाही. ज्याला अधिकारक्षेत्र नाही अशा धर्मगुरूने दिलेली पापक्षमा निष्फळ, असे त्रेंत परिषदेने १५५१ साली सांगितले होते. आणि १५६३ च्या तिच्या ठरावान्वये विवाहास स्वतःचा धर्मग्रामगुरू साक्षी हवा. मग माहीमच्या कोळ्याने पापनिवेदन कोणापुढे करावे? त्याच्या मुलीचा विवाह खरा की खोटा? स्नानसंस्कार कोणीही दिला तरी तो टिकतो, पण बाकीच्यांचे काय? सर्वसाधारण चुकीच्या प्रसंगी ख्रिस्तसभा स्वतः उणीव भरून काढते, हे तत्त्व धर्मशास्त्र्यांना ठाऊक होते. व्यासपीठावरून मात्र बहुधा धाकच ऐकू येई. पक्षाभिमानाने बोलणारा धर्मगुरू साध्या माणसाच्या सद्सद्विवेकावर केवढे ओझे टाकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

१८५३ साली तर कळस झाला. मकावचे बिशप पाद्रुआदोच्या वतीने मुंबईत आले आणि वरच्या माहीमच्या चर्चवरून चकमक पेटली. प्रोपगांदाचे बिशप अनास्तासिउस हार्टमन हे कापुचिन साधू. ‘एक्झामिनर’ पत्राचा १८५० साली आरंभ झाला तो त्यांच्याच काळात. चर्च सोडण्यापेक्षा मरण पत्करीन अशा निश्चयाने ते आपल्या माणसांसह आत कोंडून बसले, आणि बाहेरच्यांनी वेढा दिला. सुमारे पंधरवडा हे चालले. अखेर सरकारी अधिकारी मध्ये पडले व चर्च पाद्रुआदोकडे गेले. पोप पायस नववे यांनी त्याच वर्षी मकावच्या बिशपांना जाहीर दोष दिला. त्याने किल्ल्या परत आल्या नाहीत. हार्टमन यांच्या पवित्र जीवनाविषयी आम्हांस आदर आहे. पण बाहेर उभे असलेलेही त्याच वेदीपुढे स्नानसंस्कार घेतलेले होते, आणि आपल्या बापजाद्यांचे चर्च गोव्याच्या धर्मगुरूंनी सांभाळले या कृतज्ञतेने तेथे आले होते. त्यांना केवळ बंडखोर म्हणणे आमच्या लेखणीस जड जाते.

१८८६ च्या करारानेही दोन अधिकार मिटले नाहीत. पाद्रुआदोची चर्चे दमणच्या बिशपांकडे, बाकीची मुंबईच्या आर्चबिशपांकडे, असा प्रकार झाला. एकाच गल्लीतील दोन घरे दोन बिशपांची. पुढल्याच वर्षी मुंबईच्या मूळ रहिवासी कॅथोलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. गोव्याहून येणाऱ्यांपासून आपण निराळे, हे सांगण्याची गरज नोकऱ्यांच्या स्पर्धेतून आली खरी. पण चर्चमधील भांडणाने जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

१९२८ साली दमणचा धर्मप्रांत मोडला आणि दुहेरी अधिकार संपला. त्याची किंमत विचित्र होती : मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत. त्याप्रमाणे प्रथम जुवाकीम लीमा व १९३७ साली येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स आले. भारतीय माणसाला या पाळीत जागाच नव्हती! रॉबर्ट्स यांनी ते ओळखले. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशस त्यांचे साहाय्यक बिशप झाले, आणि कारभार त्यांच्यावर सोपवून ते स्वतः दूर झाले. १९५० च्या जुलैत पोर्तुगालने मुंबईवरील हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि वर्षअखेर ग्रेशस आर्चबिशप झाले. १९५३ साली ते पहिले भारतीय कार्डिनल झाले, आणि त्याच वर्षी गोवा व पुणे यांच्या मुलुखातून बेळगावचा धर्मप्रांत वेगळा निघाला. ग्रेशस यांचा जन्म कराचीचा, घराणे मात्र गोव्याचे.