कोल्हापूरची हुमणी

हुमणी उसाची मुळे खाते, हे कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. पण ती ज्याची अळी, तो तपकिरी भुंगेरा उसाच्या वाट्याला जात नाही. तो बोर, बाभूळ आणि कडुनिंबाचा पाला खातो. या भुंगेऱ्याच्या होलोट्रायकिया सेराटा या जातीची शास्त्रीय नोंद फॅब्रिशियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये केली. वारणा, पंचगंगा, कृष्णाकाठच्या मळीत ल्युकोफोलिस या दुसऱ्या वंशातली हुमणीही आढळते.

वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की दिवस मावळताना भुंगेरे जमिनीतून निघतात, झाडावर जमतात, तिथेच त्यांचे मीलन होते. रातभर पाला खाऊन पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात. मादी साबुदाण्यासारखी पांढरी अंडी एकेक करून जमिनीत घालते. नऊ ते पंधरा दिवसांत अळी निघते, आधी कुजके सेंद्रिय द्रव्य आणि मग मुळ्या खाते. तीन अवस्थांतून जाणारी ही अळी काही महिने मुळ्यांवर जगते. तिसऱ्या अवस्थेत तिची भूक सर्वांत मोठी. ऊस पिवळा पडतो आणि हाताने ओढला तरी उपटून येतो. पुढे कोष, मग भुंगेरा, आणि तो वळवाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. वर्षात पिढी एकच.

पावसावरच्या शेतीत या किडीला अडचण होती. खरिपाचे पीक निघाले की रान नांगरले जाई, अळ्या वर येत आणि कावळे, साळुंक्या, बगळे त्या टिपत. पुढे हे चित्र बदलत गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळपेठ वसवली, पुढच्या काळात राधानगरीच्या धरणाचे काम सुरू केले. १९५० च्या दशकात वारणा, पंचगंगा असे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस बारमाही झाला. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेल्या पिकामुळे, म्हणजे खोडव्यामुळे, रान वर्षानुवर्षे नांगराविना राहू लागले. हुमणीला याहून मोठी सोय दुसरी कोणती?

त्यावर बीएचसी या कीटकनाशक पावडरीचा उतारा निघाला आणि पुष्कळ वर्षे चाललाही. भारतात १९९७ मध्ये बीएचसीवर बंदी आली. पुढे मेटारायझियम बुरशीचा वापर वाढला. ओलावा असेल तर ती अळीला रोगाने मारते. तिसऱ्या अवस्थेतली अळी मात्र औषधाला सहजी दाद देत नाही, म्हणून खरा उपाय झाडाशीच करावा लागतो. वळवानंतरच्या संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. प्रकाश सापळेही लावायचे. एकाच शिवारात एकट्याने हे करून भागत नाही, कारण शेजारच्या बांधावरचा भुंगेरा उडत येतो. अंडी घालण्याआधी मादी सापडली, तर तिच्याबरोबर सरासरी पन्नास-साठ अंडीही संपतात.