लोणावळे व मावळ

लोणावळे : पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील शहर व थंड हवेचे ठिकाण. लोकसंख्या ५७,६९८ (२०११). मुंबई–पुणे लोहमार्गावर बोरघाटाच्या माथ्याशी, सस.पासून सु. ६२५ मी. उंचीवर ते वसले असून पुण्यापासून सु. ६५ किमी. व मुंबईपासून सु. ९५ किमी.वर आहे. नगरपरिषदेची स्थापना १८७७ मध्ये झाली; खंडाळे तिच्याच हद्दीत येते. तालुक्याचे मुख्य ठिकाण वडगाव. आंदर, नाणे व पवन मावळ ही आजच्या तालुक्यातील प्रमुख खोरी. सुटीला येणारा बहुधा लोणावळ्यातच थांबतो. पाहण्याजोगे मात्र पुष्कळसे या खोऱ्यांत विखुरलेले आहे, म्हणून दोन्हींचा विचार येथे एकत्र केला आहे.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर लोक उन्हासाठी सुटी काढतात, मावळात पावसासाठी. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस तळेगावकडे जाताना तो झपाट्याने कमी होत जातो. इंद्रायणी नदी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते.

पावसाळ्यात येथे मुक्कामाला येण्याचा रिवाज निदान एकोणीसशे वर्षांचा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई ऋषभदत्त (उषवदात) याने वलूरक, म्हणजे कार्ले, येथील लेण्यांत वर्षावासासाठी राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहाकरिता करजिक हे गाव दान दिल्याचा लेख चैत्यगृहातच कोरलेला आहे. भिक्षू कोठून आले, कोणत्या पंथाचे, याचा भेद त्यात केलेला नाही. पुढे सातवाहनांनी या दानाविषयी मामाल (मावळ) येथील अमात्याला आज्ञा पाठविली, तीही येथे वाचता येते. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून घाटमाथ्यावर चढणाऱ्या व्यापारी वाटेवर ही लेणी आहेत. कार्ल्याच्या अनेक खांबांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे आहेत. हे यवन भूमध्य समुद्राकडून आलेले व्यापारी, की येथेच स्थायिक झालेली घराणी, याबाबत विद्वानांत एकमत नाही. त्यांनी बौद्ध संघाला खांब दिले, एवढे लेखांवरून निश्चित.

कार्ल्याचे चैत्यगृह (इ. स. १ ले शतक) हे भारतातील सर्वांत मोठे शैलोत्कीर्ण चैत्यगृह मानले जाते. लांबी सु. ३८ मी., उंची सु. १४ मी. आत ३७ खांब आहेत. दोन्ही बाजूंचे पंधरा-पंधरा खांब अष्टकोनी असून तळाशी घट, माथ्यावर उलटे कमळ आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली युगुले आहेत. स्तूपामागचे सात मात्र अगदी साधे. छताच्या लाकडी फासळ्या व स्तूपावरील लाकडी छत्र मूळचे आहे. इतके जुने लाकूड इतक्या पावसाच्या मुलखात टिकले, ही असामान्य गोष्ट आहे. ओवरीतल्या भिंतींवरील हत्ती, दंपतिशिल्पे आणि बाहेरचा सिंहस्तंभ पाहिल्याशिवाय आत जाऊ नये. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. ती कोळी, आगरी व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजांतील अनेक घराण्यांची कुलदेवता. चैत्रातील यात्रेत व नवरात्रात पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसते. ज्याला शिल्पे निवांत पाहायची आहेत त्याने हे दिवस टाळावेत, आणि ज्याला यात्रा पाहायची आहे त्याने हेच निवडावेत.

भाजे येथील बावीस लेणी याहून जुनी, इ. स. पू. दुसऱ्या शतकापासूनची. चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार पेलण्यासाठी खांब तिरपे रोवीत. दगडात त्याची गरज नसताना कारागिरांनी तीच सवय चालू ठेवली. जवळ चौदा स्तूपांचा समूह आणि शेवटाकडच्या विहारात सूर्य व इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. बेडसे येथे गर्दी क्वचितच असते. तेथील दर्शनी चार भव्य खांबांच्या माथ्यावरचे घोडे, बैल व त्यांवरील स्वार कार्ल्यापेक्षा कोठेही उणे नाहीत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाचा लेख तेथे आहे. बेडसे पूर्वाभिमुख, कार्ले व भाजे पश्चिमाभिमुख. म्हणून कामशेतला उतरून सकाळी बेडसे व तिसऱ्या प्रहरी मळवलीहून कार्ले हा क्रम ठेवावा. मावळतीकडचे ऊन चैत्यगवाक्षातून थेट आत येते. भाजे व लोहगडाला दुसरा दिवस द्यावा.

लोहगड शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत मिळाला. सुरतेची लूट काही काळ येथे ठेवलेली होती. नाना फडणीसांनी गडावर बांधकामे केली. गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा ही एकामागोमाग एक लागणारी दारे आणि त्यांना जोडणारी सर्पाकार वाट वरच्या बुरुजावरून नीट दिसते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा मराठा किल्ल्यांत तो आहे. विसापूर, तुंग, तिकोना व राजमाची हे तालुक्यातील इतर प्रमुख किल्ले.

जानेवारी १७७९ मध्ये पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाला घेऊन पुण्यावर निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची फौज महादजी शिंदे व तुकोजी होळकर यांनी तळेगाव-वडगावच्या दरम्यान कोंडली आणि वडगावचा तह लिहून घेतला. तत्पूर्वी कार्ल्याजवळ कंपनीचा कॅप्टन स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला. शत्रूच्या शौर्याची कदर करून मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले; वडगावातील त्याच्या थडग्याला लोक आजही मानतात.

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये व लोहमार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. हजारो मजुरांनी हा मार्ग खोदला आणि पटकीने त्यांतील अनेकांचा बळी घेतला. १९२९ पर्यंत घाटात गाडीची दिशा उलटवून पुढची चढण चढावी लागे. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. लोणावळे, वळवण व शिरवटा जलाशयांचे पाणी खाली खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रात (१९१५) सोडले जाते.

भात हे मुख्य पीक. इंद्रायणी हा वाण वडगावच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिला. हरितगृहांतील गुलाब, पर्यटन व चिक्की ही उत्पन्नाची अन्य साधने.

कैवल्यधाम योगसंस्था (१९२४) व नौदलाची आयएनएस शिवाजी (१९४५) लोणावळ्यात आहेत. 

भुशी धरण रेल्वेच्या पाण्यासाठी बांधलेले असून पावसाळ्यात तेथे सर्वाधिक गर्दी होते. ३० जून २०२४ रोजी त्यामागील धबधब्यात पाच जण वाहून गेले. वरच्या डोंगरावर पाऊस झाला की ओढा काही क्षणांत फुगतो, त्यामुळे मुलांना घेऊन प्रवाहात उतरू नये. पवना जलाशयाकाठी तंबूंचे मुक्काम वाढले आहेत. पवना धरणाने विस्थापित केलेल्या शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. म्हणून काठावरच्या गावात घरगुती जेवण व राहण्याची सोय मिळत असेल, तर तीच आधी घ्यावी. पुणे–लोणावळे लोकल तळेगाव, वडगाव, कामशेत व मळवली येथे थांबते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा लेणी व किल्ल्यांसाठी उत्तम काळ.